वहिनी, तू उत्तर दिलं नाहीस म्हणून थँक्यू

वहिनी, तोंडावर बोलायला गेले की रडू येतं म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण माझ्यासारखंच डोक्यात चालू असलेलं कुणीतरी वाचत असेल.

ओसीडी, म्हणजे नको ते विचार परत परत येणं आणि त्यापायी तेच तेच करत राहणं, हा आजार म्हटलं की लोकांना सारखे हात धुणं तेवढं माहीत असतं. माझं तसं नव्हतंच. तुझं बाळ झाल्यापासून विळी दिसली की मनात यायचं, माझ्या हातून ह्याला काही झालं तर? मग विळी माळ्यावर टाकली, बाळ खोलीत आलं की मी बाहेर, आणि दिवसभर तुझ्या मागे मागे, "मी काही करणार नाही ना गं?" तू म्हणायचीस, "छे गं, काहीतरीच काय!" आणि दहा मिनिटं बरं वाटलं की परत तेच.

हे सगळं सांगितलं तेव्हा तू बाळाला उचलून आत नेलं नाहीस. हे मी कधीच विसरणार नाही.

सायकॉलॉजिस्ट मॅडमकडेही तूच घेऊन गेलीस. असले नको ते विचार बहुतेक सगळ्यांनाच येऊन जातात, रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्येच हे दाखवलंय, असं त्यांनी सांगितलं तेव्हा पहिल्यांदा श्वास मोकळा झाला. मग ईआरपी सुरू झालं, म्हणजे ज्याची भीती वाटते त्याला थोडं थोडं सामोरं जायचं आणि खात्री मागायची नाही, घरच्यांनीही ती द्यायची नाही. हे दुसरं जास्त अवघड, आणि ते तुझ्या वाट्याला आलं. मी विचारलं की तू म्हणायचीस, "हा ओसीडीचा प्रश्न आहे, मी उत्तर देणार नाही, चल मेथी निवडू." इतका राग यायचा तुझा! तुझेही डोळे भरलेले असायचे, पण तू शब्द फिरवला नाहीस.

मॅडमनी आखून दिलं तसं आधी विळी नुसती ओट्यावर, मग बाळ बाहेरच्या खोलीत असताना भाजी चिरायची, आणि शेवटी बाळ तिथेच दुपट्यावर, मी भेंडी चिरतेय आणि तू माझ्याकडे पाठ करून पोळ्या लाटतेयस. छाती धडधडत होती, पण भेंडी संपेपर्यंत आपोआप कमी झाली. तू एकदाही वळून बघितलं नाहीस गं.

आणि गोळ्यांचं पण. सर्ट्रालीनचा ओसीडीत फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागू शकतात, हे तू कागदावर लिहून फ्रीजवर लावलंस म्हणून मी मध्येच सोडल्या नाहीत आणि आईनेही गोळ्यांची सवय लागेल म्हणणं बंद केलं.

विचार अजून कधीकधी येतात, येऊ देत. ज्यांच्याकडे सांगायला कुणी नाही त्यांनी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि वहिनी, रविवारी तू आणि दादा पिक्चरला जा. बाळाला मी सांभाळते.