स्टॉपरचं नाव पण छापा की राव

संपादक साहेब, नमस्कार.

विषय छोटा आहे पण बरेच दिवस डोक्यात घोळतोय म्हणून लिहितोय. हॉकीची बातमी आली की त्यात "पेनल्टी कॉर्नरवर अमक्याने गोल केला" एवढंच असतं, बस. पॅरिस ऑलिंपिकचंच बघा ना, ८ ऑगस्ट २०२४ ला आपण स्पेनला २-१ हरवून ब्राँझ घेतलं, दोन्ही गोल हरमनप्रीत सिंगचे, दोन्ही पेनल्टी कॉर्नरवर, आणि तो भारीच आहे त्यात वादच नाही, अख्ख्या स्पर्धेत १० गोल मारले त्याने. पण त्याच्यासाठी बॉल थांबवून देणारा कोण होता हे मला पेपर वाचून काही कळलं नाही.

ज्यांनी हॉकी खेळलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेनल्टी कॉर्नरला बॅकलाइनवरून पुशर जोरात बॉल ढकलतो, तो डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलाच्या, बाहेर गेल्याशिवाय गोलवर मारताच येत नाही, तिथे स्टॉपर वाकून स्टिक जमिनीला चिकटवून थांबलेला असतो आणि समोरून डिफेंडर सुसाट अंगावर येत असतात. बॉल वीतभर जरी उडाला तरी कॉर्नर गेला, मग फ्लिकर, म्हणजे गोलवर मारणारा, जगात एक नंबर असला तरी काय उपयोग.

मी बरीच वर्षं शाळेत पीटी शिकवलं. पोरांना मारायला शिकवायला लागत नाही, थांबवायला शिकवायला लागतं. पोरं मनगट ताठ ठेवतात आणि बॉल भिंतीवर आपटल्यासारखा परत जातो. मग मी होळीचं सांगायचो, पाण्याचा फुगा न फोडता कसा झेलतोस रे, हात फुग्याबरोबर मागे नेतोस ना, तेच इथे कर. बॉलचा वेग शून्यावर आणायचाच आहे, झटक्यात आणलास तर उडणार, जरा वेळ देऊन आणलास तर पायाशी बसणार. फुटबॉलमध्ये घोटा सैल सोडायचा आणि पाय किंचित मागे घ्यायचा, स्लिपमध्ये हात. हॉकीचा बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा, क्रिकेटचाही जवळपास तेवढाच, त्यामुळे ताठ हाताला दोन्ही सारखेच झोंबतात. आपल्या रहाणेने २०१५ ला गॉलच्या एका टेस्टमध्ये ८ कॅच घेतले ते असेच मऊ हातांनी. आणि एकनाथ सोलकर! हेल्मेट न घालता शॉर्ट लेगला उभा राहून २७ टेस्टमध्ये ५३ कॅच, आजच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं.

अर्थात नुसतं थांबवणं म्हणजे सगळं नाही, पण सुरुवात तिथूनच होते. १९९८ च्या फुटबॉल वर्ल्ड कपमध्ये अर्जेंटिनाविरुद्ध मॅच संपत आली असताना हॉलंडच्या डी बोअरने मागून लांबच्या लांब पास टाकला, बर्गकॅम्पने तो हवेतच पायावर घेऊन जागीच थांबवला, दुसऱ्या टचला डिफेंडरला कापलं आणि तिसऱ्याला गोल. लोक तिसरा टच बघतात, माझ्या मते काम पहिल्यालाच झालं होतं.

आता ग्राउंडचं. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकला हॉकी पहिल्यांदा टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, गेली आणि आपण सातवे आलो, तेव्हापासून टर्फ टर्फ करून झालं, पण आमच्या शाळेच्या ग्राउंडवर मी रिटायर होईपर्यंत खडी तशीच होती. टर्फवर बॉल सरळ येतो, पळता पळता घेता येतो. खडीवर तो खड्याला लागून थेट नडगीवर, मग पोरगं पुढच्या बॉलला आधी डोळे मिटतं आणि मग स्टिक लावतं, अशा पोराला ट्रॅप, म्हणजे बॉल थांबवणं, काय शिकवणार कप्पाळ. दर शनिवारी पोरांकडून दहा मिनिटं खडे वेचून घ्यायचो, तेवढाच उपाय माझ्या हातात होता.

तर विनंती एवढीच, पुढच्या वेळी कॉर्नरवर गोल झाला की पुशर आणि स्टॉपर दोघांचीही नावं टाका, एक ओळ जास्त लागेल. जागा नसेल तर क्रिकेटरांच्या लग्नाचे फोटो जरा लहान करा.

आपला,
एक रिटायर्ड पीटी मास्तर, पुणे