गेमिंग पीसीलाही नेमप्लेट हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या तंत्रज्ञानाच्या पानावर सवलतीतल्या वस्तूंची चौकट होती. त्यात एका भारीतल्या रेडीमेड गेमिंग पीसीची शिफारस होती. इंटेलचा आय९-१४९००केएफ प्रोसेसर, एनव्हीडियाचं आरटीएक्स ४०९० ग्राफिक्स कार्ड, ३२ जीबी रॅम, २ टीबी एसएसडी आणि किमतीवर ४० टक्के सूट. बस, एवढीच माहिती. माझ्या मुलीने ती चौकट कापून माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि विचारलं, "बाबा, घेऊ का?" पैसे तिचे आहेत, दोन वर्षं साठवलेले. त्यामुळे मला घाईने हो किंवा नाही म्हणायचं नव्हतं. चार रात्री आम्ही दोघं त्या एका पीसीचा हिशेब मांडत बसलो. त्यातून जे निघालं ते इतर वाचकांच्याही कामाचं आहे, म्हणून हे पत्र.

मी मोटर रिवाइंडिंगचं काम करतो, सव्वीस वर्षं झाली. मोटर समोर आली की पहिली नजर नेमप्लेटवर जाते. किती किलोवॅट, किती अँपिअर, इन्सुलेशनचा क्लास कोणता, सतत चालवायची की मधे मधे थांबवायची, सगळं त्या छोट्या पत्र्यावर कोरलेलं असतं. नेमप्लेट घासून गेलेली मोटर कोणी स्वस्तात विकायला आणली, तर मी आधी ती उघडून बघतो आणि मग भावाचं बोलतो. आपल्या चौकटीतल्या पीसीची नेमप्लेट निम्मी घासलेली होती. प्रोसेसर आणि कार्ड यांची नावं ठळक, पण मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात ती पाटी), एसएमपीएस (सगळ्यांना वीज पुरवणारा भाग), कूलर, कॅबिनेट, रॅमचा वेग, एसएसडीचं मॉडेल यांचा पत्ताच नाही. आणि किंमत खाली आणायची झाली की हात पहिल्यांदा याच न छापलेल्या भागांना लागतो, कारण तिथे कोणी विचारत नाही.

हे मला एकदा महागात शिकायला मिळालं आहे. काही वर्षांपूर्वी मोठ्या मुलासाठी मी असाच एक नामांकित कंपनीचा तयार पीसी सवलतीत घेतला होता. वॉरंटी संपून पाच महिने झाले आणि एका संध्याकाळी तो बंद पडला. जळका वास आला, तो मला चांगला ओळखीचा. एसएमपीएस गेला होता. म्हटलं, यात काय, दुसरा आणून बसवू. स्क्रू काढून जुना बाहेर घेतला आणि नव्याशेजारी टेबलावर ठेवला. बाजारातला नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस १५० मिलिमीटर रुंद आणि ८६ मिलिमीटर उंच असतो. हा अरुंद आणि लांबुळका होता, स्क्रूची भोकंही जुळेनात. मदरबोर्डला जाणारा मुख्य प्लग पाहिला. तो २४ पिनांचा असायला हवा, इथे पिनाही कमी आणि प्लगचा आकारही निराळा. कंपनीच्या सेवा केंद्राने सांगितलं, तो पार्ट आता येत नाही. प्रोसेसर ठणठणीत, कार्ड ठणठणीत, आणि तरी डबा वर्षभर कोपऱ्यात पडून राहिला. मुलाने त्यानंतर तो विषयच सोडून दिला, याचं मला आजही वाईट वाटतं. एटीएक्सचं माप इंटेलने १९९५ साली ठरवून दिलं, ते नेमकं यासाठी की एका कंपनीचा भाग दुसऱ्या कंपनीच्या डब्यात बसावा. इतकी वर्षं रुळलेलं माप बाजूला ठेवून स्वतःचंच माप काढणाऱ्या कंपन्या आजही आहेत, आणि ते जाहिरातीत कुठे लिहिलेलं नसतं.

म्हणून या वेळी मुलीला म्हटलं, आधी डब्याच्या आत काय आहे ते शोधू. विक्रेत्याच्या पानावर एसएमपीएसबद्दल एक शब्द नव्हता. पण काचेच्या बाजूने काढलेला एक फोटो होता. तिने तो इतका मोठा केला की चित्र फुटायला लागलं, तरी एसएमपीएसवरच्या लेबलचे आकडे वाचता आले: ७५०. मी कागद घेतला. ४०९० कार्डाचं ठरलेलं सेवन ४५० वॅट. आय९-१४९००केएफ पूर्ण जोरात असताना २५३ वॅट. दोन्ही मिळून ७०३ झाले. पंखे, प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या पाण्याचा पंप, एसएसडी, मदरबोर्ड अजून धरायचेच आहेत. खेळताना दोन्ही एकदम टोकाला जात नाहीत हे खरं, पण कार्ड क्षणभरासाठी आपल्या ठरलेल्या आकड्याच्या वर उडी मारतं, हेही खरं. एनव्हीडिया स्वतः या कार्डासाठी ८५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. साडेसातशेवर तो चालणार नाही असं नाही, चालेल. पण कायम भाराखाली तापत चालेल. तापमान दहा अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं, हा आमच्या धंद्यातला जुना ठोकताळा. एसएमपीएसमधल्या कपॅसिटरलाही तो जवळपास तसाच लागू पडतो. आणि '८० प्लस गोल्ड' या शिक्क्यावर कोणी निर्धास्त राहू नये. तो शिक्का वीज किती कमी वाया जाते एवढंच सांगतो, आतला माल किती टिकेल ते सांगत नाही.

त्याच फोटोत आणखी एक गोष्ट दिसली, आणि तिच्यावर मी मुलीपेक्षा जास्त वेळ घालवला. कार्डाला वीज देणारी १६ पिनांची केबल प्लगमधून बाहेर पडल्या पडल्या काचेला टेकून काटकोनात वाकलेली होती. ४५० वॅट १२ व्होल्टवर म्हणजे साडेसदतीस अँपिअर. ही जवळपास सगळी वीज त्या एका बोटभर प्लगमधल्या सहा पिनांतून जाते, म्हणजे प्रत्येकीला सहा अँपिअरच्या आसपास. पिन पूर्ण बसलेली नसेल, किंवा केबलच्या ताणाने एका बाजूला कलली असेल, तर तिथे रोध वाढतो आणि तेवढीच जागा तापते. मोटरीच्या टर्मिनलवरचा ढिला लग (वायरीच्या टोकाचा धातूचा जोड) काळा पडलेला मी शेकडो वेळा पाहिला आहे, त्यामुळे मला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. हे कार्ड २०२२च्या ऑक्टोबरात बाजारात आलं आणि थोड्याच दिवसांत वितळलेल्या प्लगांचे फोटो यायला लागले. एनव्हीडियाने त्याच नोव्हेंबरात सांगितलं की प्लग पूर्ण आत बसवलेला नसणं हे त्यामागचं नेहमी दिसणारं कारण आहे. पुढे २०२३मध्ये प्लगची सुधारलेली रचना आली, तिच्यात प्लग नीट बसला की नाही हे ओळखणाऱ्या चार छोट्या पिना आखूड केल्या. तेव्हा हे कार्ड घेऊ नये असं मी म्हणत नाही. मात्र डबा घरी आल्यावर, वीज बंद ठेवून, तो प्लग खटकन बसलाय का आणि केबल निदान तीन-चार सेंटिमीटर सरळ येते का, हे स्वतः बघावं. वाहतुकीसाठी आत फोम भरलेला असतो, तोही त्याच वेळी काढावा. तो तसाच ठेवून बटण दाबणारे लोक असतात.

प्रोसेसरचं प्रकरण वेगळं. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरांना जास्त व्होल्टेज मिळून ते हळूहळू खराब होत होते. खेळता खेळता गेम बंद पडायचा आणि माणूस कार्डाला दोष देत बसायचा. २०२४च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा सप्टेंबरमध्ये इंटेलने मायक्रोकोडची, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची, दुरुस्ती दिली, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. पण जो प्रोसेसर आधीच बिघडलाय तो या दुरुस्तीने बरा होत नाही. सवलतीतला डबा कधीकधी कोणी परत केलेला किंवा शोरूममध्ये महिनोन्‌महिने चालवलेला असतो. म्हणून तो नवा आहे का, आणि त्याच्यावर कोणतं बायोस (ही दुरुस्ती घेऊन येणारा, मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम) आहे, हे लेखी विचारायला हवं. तयार पीसीत ही वॉरंटी पीसी बनवणाऱ्याकडून मागावी लागते, हेही लक्षात ठेवावं. शिवाय त्या मदरबोर्डाच्या सॉकेटवर चौदाव्या पिढीनंतरचा प्रोसेसर बसतच नाही. पुढे वाढवायचा रस्ता तिथेच संपतो.

रॅम आणि एसएसडीचं फार ताणत नाही. ३२ जीबी म्हणजे १६ची जोडी आहे की एकच पट्टी, आणि तिचा लिहिलेला वेग बायोसमध्ये चालू केलाय की नाही, एवढं विचारलं तरी पुरे.

आता दुसरी बाजू, कारण ती न सांगणं अन्याय होईल. २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढली आणि रॅमचे भाव एकदम चढले. त्याआधी भाग भरून ठेवलेल्या विक्रेत्याचा तयार पीसी सुटे भाग आणून जोडण्यापेक्षा खरोखर स्वस्त पडू शकतो. आम्ही एकेका भागाचा आजचा भाव लिहून बेरीज केली. छापलेल्या मूळ किमतीशी तुलना केली तर सूट ४० टक्के; आजच्या सुट्या भागांच्या बेरजेशी केली तर ती १४वर आली. १४ टक्केही काही कमी नाहीत. जोडणीचे श्रम वाचतात, बिघडलं तर एकाच ठिकाणी जाता येतं. फक्त वाचकाला हा दुसरा आकडा कळायला हवा, कारण मूळ किंमत म्हणून जी खोडलेली असते त्या किमतीला आज ती वस्तू कोणी घेत नसतो. ४०९०च्या पाठचं ५०९० कार्ड २०२५च्या जानेवारीत येऊन गेलं आहे, तेव्हा जुना साठा मोकळा करणं ही विक्रेत्याचीही गरज आहे. ती असायला हरकत नाही.

सगळ्यात जास्त वाद आमचा झाला तो गरजेवरून. मुलीचा मॉनिटर २५६० बाय १४४०चा आहे, म्हणजे जवळजवळ ३७ लाख पिक्सेल. फोर-के पडद्यावर ते ८३ लाख होतात. तिच्या पडद्यावर खेळायला ४०९० लागतच नाही, त्याच्या निम्म्या ताकदीचं कार्डही पुरेल, असं मी ठासून सांगितलं. त्यावर तिने काही न बोलता ब्लेंडर या थ्रीडी चित्रं बनवायच्या सॉफ्टवेअरमधलं तिचं काम उघडलं. एक जुना वाडा तिने दगडासकट उभा केलाय, प्रत्येक खांबावरचं कोरीवकाम वेगळं. रेंडरचं, म्हणजे अंतिम चित्र तयार करायचं, बटण दाबलं आणि पडद्यावर मेमरी संपल्याची ओळ आली. तिच्या सध्याच्या कार्डावर ८ जीबी आहे. ४०९०वर २४ जीबी असते, तर नव्या ५०८०वर १६च. "मला गेमसाठी नाही, यासाठी हवंय," ती म्हणाली. तिथे मी माझं म्हणणं मागे घेतलं. जुन्या पिढीचं कार्ड तिच्यासाठी योग्यच आहे, आणि फक्त खेळणाऱ्याला मी तेच कार्ड घेऊ नकोस असं सांगेन.

आम्ही विक्रेत्याला पाच प्रश्न लेखी पाठवले: डबा नवा आहे का, बायोस कोणतं, रॅमच्या पट्ट्या किती, एसएमपीएसचं मॉडेल काय, मदरबोर्डचं मॉडेल काय आणि तो नेहमीच्या एटीएक्स मापाचा आहे का. पहिल्या तिघांची उत्तरं दुसऱ्याच दिवशी आली आणि समाधानकारक होती. शेवटच्या दोघांना 'उच्च प्रतीचे भाग वापरलेले आहेत' एवढंच उत्तर मिळालं.

संपादक महोदय, आपल्या पानावरची शिफारस वाचून लोक खरोखर पैसे काढतात. माझ्या घरी तेच घडणार होतं. यापुढे असा कोणताही तयार पीसी सुचवताना त्याच्या मदरबोर्डचं आणि एसएमपीएसचं मॉडेल छापा, आणि सवलत आजच्या बाजारभावाशी ताडून लिहा. विक्रेता ही माहिती देत नसेल तर 'माहिती दिली नाही' असं छापा. दोन ओळींची जागा लागेल. आपण विचारलंत तर विक्रेत्याला उत्तर द्यावं लागेल, माझ्यासारख्या एकट्या गिऱ्हाइकाला तो टाळू शकतो.

विक्रेत्याच्या पानावर सवलत संपायला सहा तास उरल्याचं घड्याळ पहिल्या रात्री होतं, आणि चौथ्या रात्रीही ते सहा तासांवरच होतं. ते पाहिल्यावर मुलीची धाकधूक गेली. त्या दोन प्रश्नांची उत्तरं पुन्हा मागितली आहेत. तोवर पैसे तिच्या खात्यात आहेत आणि आपलं कात्रण माझ्या टेबलाच्या काचेखाली.

आपला,
मोटर रिवाइंडिंग करणारा एक नियमित वाचक