आर्केड कॅबिनेट आपोआप सुरू होते : दोष पॉवर बटणाच्या तारेत आहे, कृपया तार बदलून द्या

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : बंद केलेले घरगुती आर्केड कॅबिनेट आपोआप सुरू होण्याबाबत तिसरी तक्रार

महोदय / महोदया,

तुमच्याकडून घेतलेले आर्केड कॅबिनेट (आत संगणक बसवलेले, व्हिडिओ गेम खेळायचे कपाट) गेल्या पाच आठवड्यांत ११ वेळा कोणीही हात न लावता सुरू झाले आहे, त्यातले ७ वेळा रात्री. संगणक रीतसर शटडाउन केलेला असतो, पंखाही थांबलेला असतो आणि पहाटे कधीतरी खेळाचे संगीत घरभर घुमू लागते. शेजारच्या खोलीत झोपणारे माझे सासरे दोनदा घाबरून उठले. त्यांना हृदयाचा त्रास आहे, म्हणून ही गोष्ट मी किरकोळ मानू शकत नाही.

पहिल्या तक्रारीवर ‘विंडोज अपडेटमुळे होत असेल’ असे उत्तर आले. मी विंडोजमधील फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू होण्याची सोय) आणि वेक टायमर (ठरल्या वेळी संगणक जागा करण्याची सोय) दोन्ही बंद केले. काही फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता, कारण पूर्ण बंद केलेल्या संगणकात विंडोज चालूच नसते. दुसऱ्या तक्रारीनंतर तुमच्या तंत्रज्ञाने आतील काही न तपासता थेट मदरबोर्ड, म्हणजे संगणकाचा मुख्य सर्किट बोर्ड, बदलला. तिसऱ्या रात्री यंत्र पुन्हा सुरू झाले. त्यानंतर मीच शोध घ्यायचे ठरवले.

बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, वेक ऑन लॅन (नेटवर्कवरून संगणक सुरू करण्याची सोय) आणि ठरावीक वेळी सुरू होण्याचा अलार्म बंद केला, नेटवर्कची केबलही काढली. जॉयस्टिक आणि खेळाची बटणे संगणकाला जोडणारा एन्कोडर हा छोटा बोर्ड संगणकाला कीबोर्डसारखा दिसतो आणि कीबोर्डवरूनही काही संगणक सुरू होतात, म्हणून तोही एक रात्र काढून ठेवला. तरीही तेच. एक गोष्ट मात्र सापडली : वीज जाऊन परत आल्यावर संगणकाने आपोआप सुरू व्हावे, असे सेटिंग तुमच्याकडूनच केलेले होते. भिंतीवरच्या एकाच बटणाने सगळे चालू व्हावे म्हणून ते केले असेल, पण घरात झोपलेल्या माणसांचा विचार त्यात नाही. ते बदलले. पुढच्या रात्री वीज गेली नव्हती, तरी यंत्र सुरू झालेच.

उरले पॉवर बटण. त्याच्या दोन तारा मदरबोर्डवरच्या दोन पिनांना जातात, त्यांतली एक पिन ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टची. बटण दाबले की या दोन पिना क्षणभर जोडल्या जातात, एवढेच. संगणक बंद असतानाही पॉवर सप्लाय ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन, म्हणजे थोडीशी राखीव वीज, चालू ठेवतो, त्यामुळे मदरबोर्ड त्या जोडणीकडे सतत लक्ष ठेवून असतो. ती बोटाने झाली की चुकून, हे त्याला कळायला मार्ग नाही.

या ११ पैकी ३ वेळा यंत्र सुरू होऊन काही सेकंदांत धाडकन बंद पडले होते. मी हे फोनवर सांगितले, तेव्हा ‘व्होल्टेज कमीजास्त होत असेल’ म्हणून विषय संपवला गेला. पॉवर बटण ४ सेकंद दाबून धरले की संगणक जबरदस्तीने बंद होतो. तारा क्षणभर टेकल्या तर यंत्र सुरू होते, टेकलेल्या राहिल्या तर बंद पडते. माझ्याकडे नेमके हेच दोन्ही घडत होते. असे एकदा बंद पडल्यावर डिस्कमध्ये बिघाड झाला आणि माझ्या मुलीने वर्षभर जमवलेले सगळे स्कोअर गेले.

मी बटणाचे कनेक्टर मदरबोर्डवरून उपसून ठेवले. खेळायचे असले की स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दोन पिना जोडून यंत्र सुरू करत होते. सलग ६ रात्री यंत्र शांत राहिले. कनेक्टर परत लावले, दुसऱ्याच रात्री सुरू झाले. मग टॉर्च घेऊन ती तार बटणापासून मदरबोर्डपर्यंत पाहत गेले. मागच्या दाराच्या बिजागरीजवळ ती पत्र्याच्या ट्रेच्या धारेवरून वळवलेली आहे. तिथे वरचे प्लास्टिक कापले जाऊन आतले तांबे उघडे पडले आहे. मदरबोर्ड त्याच ट्रेवर स्क्रूने बसवलेला, म्हणजे तो पत्राही ग्राउंडच. दुसऱ्या पिनेकडे जाणारी तार त्याला टेकली की बटण दाबल्यासारखेच होते. लाकडी पेन्सिलीने तार हलकेच धारेवर दाबली, यंत्र सुरू झाले. ५ वेळा करून पाहिले, पाचही वेळा सुरू झाले. त्याचा व्हिडिओ आणि तारेचे फोटो सोबत पाठवत आहे.

यावर तुमच्या प्रतिनिधीने सांगितले की, मी मागचे दार उघडले म्हणून वॉरंटी रद्द. हे मला अजिबात मान्य नाही. नेटवर्कची केबल लावायला ते दार उघडा, असे तुमच्याच माहितीपुस्तिकेत लिहिले आहे. ‘रात्री भिंतीवरचे बटण बंद करत जा’ हा सल्लाही नको. त्याने उघडी तार झाकली जात नाही, शिवाय स्टँडबाय वीज नसली की मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी लवकर उतरते.

मला नवा मदरबोर्ड नको, नवा पॉवर सप्लायही नको. बटणाची तार वॉरंटीत बदलून द्यावी, ती धारेपासून दूर वळवावी, पत्र्याच्या कडेला रबर बसवावे आणि डिस्क तपासून द्यावी. वॉरंटी कायम असल्याचे लेखी कळवावे. हेच मॉडेल घेतलेल्या इतर ग्राहकांनाही ही जागा तपासायला सांगावे. त्यांच्यापैकी कितीजण आज विंडोजला दोष देत बसले असतील. १५ दिवसांत लेखी उत्तराची अपेक्षा आहे.

तोपर्यंत कनेक्टर काढूनच ठेवले आहे. तुमच्या माणसाने आल्यावर आधी ती तार डोळ्यांनी पाहावी, मगच काही बदलावे.

आपली,
एक ग्राहक