फुलराणीचा धडा ओरडून गिरवू नका

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

स्नेहसंमेलनांचे आणि एकपात्री स्पर्धांचे दिवस आले की ‘ती फुलराणी’ या नाटकातले मंजुळाचे ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’ हे स्वगत हमखास ऐकू येते. एकाच दुपारी दोन-तीन मंजुळा पाहण्याची पाळी परीक्षकांवर येते. बहुतेकींनी ते मूळ प्रयोगात मंजुळा साकारणाऱ्या भक्ती बर्वे यांचे चित्रीकरण पाहून बसवलेले असते. त्यातून उचलले जातात कमरेवरचे हात, मानेचे झटके आणि वरच्या पट्टीतला आवाज. निकालाच्या बातमीत मग ‘भक्ती बर्वेंची आठवण करून देणारा जोशपूर्ण अभिनय’ असे छापून येते. भक्तीबाईंच्या कामात जोश होताच, पण ते काम जोशावर उभे नव्हते.

पु. ल. देशपांडे यांनी बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकावरून ‘ती फुलराणी’ लिहिले: रस्त्यावर फुले विकणाऱ्या मंजुळाला एक भाषेचा प्राध्यापक शुद्ध बोलायला शिकवतो, त्याची ही गोष्ट. १९७५ साली ते रंगमंचावर आले तेव्हा भक्तीबाईंच्या समोर तो प्राध्यापक, प्रा. जहागीरदार, म्हणून सतीश दुभाषी होते. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की ते स्वगत म्हणजे एक उत्तर आहे. आधी प्राध्यापकाने मंजुळाला माणसात न मोजता वागवलेले असते, आणि तो समोर नसताना ती मनातल्या मनात त्याचा सूड घेते. स्पर्धेत हे आधीचे सगळे कापले जाते आणि मुलगी पहिल्या शब्दालाच संतापाच्या टोकावर उभी राहते. पुढे चढायला पायरीच उरत नाही, म्हणून दुसऱ्या मिनिटाला आवाज घोगरा होतो. भक्तीबाईंचा राग खालून, जवळजवळ कुरकुरीतून वर येतो आणि मनोराज्य रंगू लागते तसतसा त्या रागातच आनंद मिसळतो. मंजुळा तिथे मजेत असते! ती मजा गेली की उरतो तो नुसता आक्रस्ताळेपणा.

दुसरी अडचण श्वासाची. हे स्वगत लयीत, यमकांवर बांधलेले आहे. ते वेगात म्हणायचे आणि तरी प्रत्येक यमक शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचे, तर दम कुठे घ्यायचा हे पेन्सिलीने खुणा करून आधी ठरवावे लागते. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते. दम अपुरा पडला की नेमके तेच गिळले जाते आणि मंजुळा मास्तरचे, म्हणजे त्या प्राध्यापकाचे, काय करणार ते प्रेक्षकाला कळतच नाही. भक्तीबाई दूरदर्शनवर बातम्या वाचत. वाक्याचा शेवट पडू न देण्याची ती शिस्त मंजुळाच्या बोलण्यातही ऐकू येते. त्या काळी नाटकांना टांगलेले किंवा रंगमंचाच्या कडेला ठेवलेले माईक असत, त्यामुळे शब्द फेकावा लागे. आज छातीशी कॉलर माईक लावून तितकेच ओरडले तर आवाज फाटतो आणि आधी जोडाक्षरे जातात. त्यावर ध्वनिव्यवस्थेला दोष देणे सोपे असते.

बोलीचे तर विचारूच नका. एका वाक्यात ‘पानी’ आणि पुढच्याच वाक्यात ‘पाणी’! मंजुळाचा ‘न’ तिच्या लेखी विनोदी नाही, ते तिचे रोजचे बोलणे आहे. हशा मिळतो म्हणून तो ‘न’ ठसवून म्हटला की नटी मंजुळाला हसते आहे असे दिसते. भक्तीबाईंनी हा मोह टाळला.

आणि मंजुळा एक नाही. पहिली रस्त्यावरची. दुसरी, जिचे उच्चार नवे पण आशय जुनाच; ती प्रत्येक अक्षर काचेचे असल्यासारखे जपून ठेवते. तिसरी शेवटच्या भांडणातली. ती प्राध्यापकाचीच भाषा त्याच्यावर उलटवते आणि तेव्हा तिला आवाज चढवायची गरज पडत नाही. एकाच गळ्यातून ही तिन्ही बोलणी काढायची आणि तरी मुलगी तीच वाटली पाहिजे, हे आमच्या मते भक्तीबाईंचे सर्वात अवघड काम होते. त्याबद्दल फारसे लिहिले जात नाही. याचा थोडा दोष खुद्द त्यांच्या यशाकडेही जातो. ‘पु. ल., फुलराणी आणि मी’ या त्यांच्या कार्यक्रमापासून हे स्वगत नाटकातून सुटून टाळ्यांचा स्वतंत्र तुकडा बनत गेले. ‘आई रिटायर होतेय’ या नाटकामधली त्यांची आई किती वेगळ्या, आवरलेल्या स्वरातली होती, याची चर्चा त्या गदारोळात मागेच पडली.

१२ फेब्रुवारी २००१ रोजी अपघाताने त्या गेल्या. आजच्या मुलींनी त्यांना पडद्यावरच पाहिले आहे, त्यांना काय बोल लावणार? नियम आयोजकांच्या हाती आहेत. हे स्वगत निवडणाऱ्या स्पर्धकाला शेवटच्या अंकातले मंजुळाचे एखादे मिनिटभराचे बोलणे जोडायला सांगावे. दोन्हींना मिळून वेळ तेवढाच द्यावा आणि दुसऱ्या तुकड्याला निम्मे गुण ठेवावेत. परीक्षकांनी शक्य तर एकदा शेवटच्या रांगेत बसून, माईक बंद करून ऐकावे.

आपले,
नाट्यप्रशिक्षण वर्गातील काही शिक्षक, पुणे