मॅडम, त्या खोडरबराबद्दल थँक्यू

मॅडम नमस्कार,

परवा माझा पीएचडीचा व्हायवा झाला. तेव्हापासून तुम्हाला फोन लावू लावू म्हणतेय, पण बोलायला लागले की रडू येईल म्हणून लिहितेय. आणि सगळ्यांना दिसेल असं लिहितेय, कारण तुम्ही काय केलंत ते तुम्ही स्वतःहून कुणाला सांगणार नाही.

मी लातूरची. २०१६ ला बारावीला होते. मांजरा धरण कोरडं पडलेलं, गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा, घागरी रात्रीच रांगेत लागायच्या आणि आई त्यांच्याजवळच बसून राहायची. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ, टँकर भरायच्या ठिकाणी १४४ लागलं, पाचपेक्षा जास्त माणसं जमायची नाहीत. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. म्हणजे जमावबंदी आधी आली आणि रेल्वे नंतर. हे माझ्या डोक्यात असं रुतून बसलं की पुढं एमए झाल्यावर पीएचडी ह्याच्यावरच करायची ठरवलं, हवामान बदल आणि शांतता.

मग सुरू झाल्या फेऱ्या. भूगोलवाले म्हणाले राज्यशास्त्राकडे जा, राज्यशास्त्रवाले म्हणाले पाऊसपाणी आमच्याकडे येत नाही. एका सरांनी तर तोंडावर सांगितलं, टँकरचा आणि शांततेचा काय संबंध, काश्मीर घे, लवकर होईल. दीड वर्ष गेलं ह्यात. घरात लग्नाचा विषय निघायला लागला होता आणि मीसुद्धा जवळपास हो म्हणणार होते. त्यांचं नाव घेत नाही, पण सर तुम्ही हे वाचत असाल तर टँकरचा आणि शांततेचा संबंध आता तीनशे पानांत लिहून दिलाय, बघून घ्या.

तुम्हाला मेल केला तेव्हा आशा नव्हतीच. तुमची उमेदीची सगळी वर्षं माली, सोमालियाच्या दुष्काळाचा अभ्यास करण्यात गेलेली, देशाबाहेर. पण तुम्ही तिसऱ्या दिवशी मराठीत उत्तर दिलं आणि दिवाळीला अंबाजोगाईला आलात तेव्हा तशाच एसटीनं लातूरला आमच्या घरी आलात.

त्या दुपारचंच मला लिहायचंय. आमच्याकडं आधीही लोक येऊन गेलेले, पेपरवाले, एनजीओवाले. सगळ्यांचा एकच प्रश्न, भांडणं झाली का, मारामारी झाली का. तुम्ही आईला विचारलं, रांगेत भांडण लागलं की मिटवायचं कोण? आई पहिल्यांदा गप्पच बसली. मग तासभर बोलली. घागरीवर खडूनं नंबर कोण टाकायचं, बाळंतिणीच्या घरची घागर पुढं घ्यायची हे कुणी ठरवलं, नळाच्या वादातून वर्षभर बोलत नसलेल्या दोघी जावा रात्री एकमेकींच्या घागरी कशा राखायच्या. मी तिच्या पोटची पोरगी, मला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं.

तुम्ही वहीत पेन्सिलीनं लिहीत होतात. झाल्यावर उठला नाहीत. सगळं आईला मराठीत वाचून दाखवलं. एका ठिकाणी 'संघर्ष' आलं तशी आई म्हणाली, हे काय लिहलालाव मॅडम, संघर्ष कुठला, कुरबूर होती नुसती. तुम्ही पर्समध्ये खोडरबर शोधलं, सापडेना, मग माझ्या भाचीच्या कंपासातलं मागून घेतलं, तो शब्द खोडला आणि तिथं 'कुरबूर' लिहून वही आईकडं फिरवली, बरोबर आहे का बघा म्हणून. आई चौथी शिकलेली. तिनं बोट ठेवून वाचलं आणि मान हलवली.

मॅडम, आमच्या घरात आईला विचारून आजपर्यंत कुणीच काही खोडलं नव्हतं.

नंतर तुम्ही मला समजावून सांगितलं की एका शब्दानं किती फरक पडतो. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत हवामानावर पहिली चर्चा २००७ ला झाली. २०२१ च्या डिसेंबरात आयर्लंड आणि नायजरनं हवामान बदलाकडं सुरक्षेचा प्रश्न म्हणून बघायचा ठराव आणला, रशियानं व्हेटो वापरला आणि भारतानंही विरोधात मत दिलं. तुम्ही म्हणालात कोण बरोबर ते तू तुझं ठरव, पण दुष्काळाला एकदा सुरक्षेचा प्रश्न म्हटलं की पाण्याच्या आधी पोलीस येऊ शकतात, आणि ते तू लातूरला बघितलंयस. 'नेचर क्लायमेट चेंज' ह्या जर्नलमधला २०१८ चा तो शोधनिबंध पण तुम्हीच दिला, संशोधक जिथं आधीच हिंसा चाललीय तिथंच जास्त जातात म्हणून हवामान आणि हिंसेचं नातं आहे त्यापेक्षा घट्ट दिसतं असं त्यात होतं. मला लगेच आमची रांग आठवली. तिथं रक्त सांडलं नाही म्हणून ती कुणाच्या अभ्यासातच आली नाही. माझा प्रबंध तिथून सुरू झाला.

आणि तुमचा लेख छापून आला त्यात सगळं इंग्रजी, मधेच 'कुरबूर', तसाच ठेवलेला. आईनं ते पान देवघराच्या फळीखाली चिकटवलंय.

मोठी माणसं मी लई बघितली ह्या पाच वर्षांत, सेमिनारमधली, हारतुऱ्यातली. समोरच्या बाईनं चूक दाखवली की थांबून ती दुरुस्त करणारं माणूस तुमच्याशिवाय दुसरं दिसलं नाही. साधी माणुसकी आहे ही, पण दुर्मिळ झालीय.

आई म्हणते यंदा येळवसला, म्हणजे वेळा अमावस्येला, यायचंच. शेतात भज्जी, आंबील सगळं असतंय, आणि त्या दोघी जावा पण येणार आहेत, त्यांना तुम्हाला बघायचंय.

तुमची,
लातूरची पोरगी