सुरक्षा प्रमाणपत्राचं नूतनीकरण : इंदूरच्या ठेकेदार सभासदांसाठी सूचना

मंडळी, नमस्कार. उज्जैनच्या सिंहस्थ २०२८ ची सरकारी कामं जोरात आहेत आणि आपल्यातल्या काहींच्या आयएसओ ४५००१ (कामाच्या जागची सुरक्षा आणि आरोग्य) प्रमाणपत्राची मुदत संपत आलीय. ते तीन वर्षांचं असतं. फेरतपासणी आणि तीत निघालेल्या मोठ्या त्रुटींची दुरुस्ती, दोन्ही मुदतीआधीच व्हावं लागतं. राहून गेलं तर पुढच्या सहा महिन्यांत उरलेलं पूर्ण करून ते परत मिळवता येतं, पण मधला काळ कोराच राहतो. नेमकं तेव्हाच टेंडर निघालं तर काय जोडणार? तारीख आजच बघा. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला एनएबीसीबीची (अशा संस्थांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे ना, तेही पाहून घ्या.

फाइल नीट असली तरी साइटवर स्वतः जा. मागच्या खेपेला माझ्याच साइटवर सेफ्टी बेल्टच्या पट्ट्याची शिवण उसवलेली निघाली, आणि कारागीर तोच बांधून तिसऱ्या मजल्याच्या परांचीवर उभा होता. अजून अंगावर काटा येतो. तेव्हापासून दर सोमवारी प्रत्येक पट्टा आणि हूक मी हाताने ताणून बघतो.

कागद जमवताना अडत असेल तर रविवारी सकाळी १० वाजता रामबागेत नेहमीच्या जागी फाइल घेऊन या. अपघातांची नोंदवही आणाच, कोरी असली तरी.