‘हाउस २’ला फसलेला भयपट म्हणू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील फसलेल्या उत्तरभागांवरील लेखात १९८७ सालच्या ‘हाउस २ : द सेकंड स्टोरी’ या चित्रपटाची ‘ना धड भयपट, ना धड विनोदी’ अशी एका वाक्यात बोळवण केली आहे. वाक्य खोटे नाही. पण लेखकाने जो दोष मानला, तीच या चित्रपटाची गंमत आहे, असे मला वाटते.

इंग्रजीत ‘स्टोरी’ म्हणजे गोष्ट आणि अमेरिकी वापरात मजलाही. हा श्लेष नावातच करणाऱ्या दिग्दर्शक ईथन वायली यांना प्रेक्षकांना घाबरवायचे होते, असे मानणेच कठीण आहे. पहिल्या भागाची पटकथा त्यांचीच असूनही दुसऱ्याचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. शिवाय पहिला भाग अमेरिकेत मोठ्यांसाठीच्या ‘आर’ प्रमाणपत्राचा, तर हा त्याहून सौम्य ‘पीजी-१३’चा, म्हणजे बदल जाणूनबुजून केलेला.

स्फटिकाच्या कवटीसाठी नायक जेसी आणि त्याचा मित्र खापरपणजोबांचे थडगे उकरतात, तर आत वाळून कोळ झालेले काउबॉय आजोबा जिवंत! समोर आपलाच वंशज आहे हे कळताच त्यांचा राग मावळतो आणि आरशात स्वतःचे रूप पाहून ते खट्टू होतात. रॉयल डानो यांनी रंगभूषेच्या थराखालूनही हे आजोबा इतके लोभस केले आहेत की घाबरायचे राहूनच जाते.

मात्र चित्रपटाचा खरा मानकरी वायरिंग तपासायला येणारा बिल हा इलेक्ट्रिशियन आहे. (जॉन रॅट्झनबर्गर, ‘टॉय स्टोरी’तील डुकराच्या गल्ल्याचा आवाज यांचाच.) भिंत फोडल्यावर पलीकडे निराळेच विश्व दिसते, तेव्हा जुन्या घरांत असे असायचेच, अशा सुरात तो बोलतो, हत्यारांच्या पेटीतून तलवार काढतो आणि बळी दिल्या जाणाऱ्या ॲझ्टेक मुलीला सोडवायला निघतो. त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर व्यवसाय लिहिला आहे : इलेक्ट्रिशियन आणि साहसवीर. गळका नळ दुरुस्त करावा तितक्या निर्विकारपणे हा माणूस अद्भुताला सामोरा जातो, आणि अख्खा चित्रपट त्याच्याच चालीने चालतो.

उणिवा आहेतच. नायिकांना पटकथा मधेच विसरते, आणि खलनायकाचा शेवटचा पाठलाग लांबतो. अर्धे कुत्र्याचे पिल्लू, अर्धे सुरवंट असा जो प्राणी त्यात आहे, तो बाहुली असल्याचे लपत नाही. मला तरी ते लपवावेसे कोणाला वाटले असेल असे दिसत नाही.

आम्ही हा चित्रपट व्हिडिओ लायब्ररीच्या भाड्याच्या कॅसेटवर, दिवे घालवून, घाबरण्याच्या तयारीने पाहायला बसलो होतो. अर्ध्या तासात आईने दिवा लावला आणि तीही बसली. भुताबद्दल तिने काहीच विचारले नाही. ते सुरवंटाचे पिल्लू खाते काय, एवढेच विचारले.

आपला,
एक वाचक, मिरज